दर शनिवारी समुद्र

गुलाबी अस्तर उडालं तेव्हा स्वप्नालीच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून तिला धड ओरडताही आलं नाही.

ब्लाऊज शिवायच्या आधी अस्तर भिजवून वाळवावं लागतं. न वाळवता लावलं तर पहिल्याच धुण्यात आकसतं, आणि शिव्या खाव्या लागतात शिवणारणीला. म्हणून गच्चीवर दोरीभर अस्तरं फडफडत होती – गुलाबी, पोपटी, जांभळी. श्रावण लागला होता, पण पावसानं ओढ दिली होती. होता तो नुसता वारा. बीड जिल्ह्यात, लिंबागणेशच्या पुढं, बालाघाटाच्या डोंगराला टेकून असलेलं ते गाव, आणि स्वप्नालीच्या वडलांचं, अर्जुनरावांचं घर गावाच्या पार कडेला. पश्चिमेला मोकळं रान, लांब डोंगरावर पवनचक्क्या. वाऱ्याला आडवं यायला कुणी नाही. चिमटा सुटला, अस्तर उचललं गेलं, आणि खालून हळूहळू मोटारसायकल चालवत, वर घरांच्या माथ्याकडं बघत येणाऱ्या एका पोराच्या थेट तोंडावर जाऊन बसलं.

गाडी डगमगली. पोरगा पडला नाही, पण पाय टेकवायच्या नादात एक चप्पल नालीत गेली.

स्वप्नालीनं टाचण्या हातावर थुंकल्या. “ओ! ओढू नका तसं! उसवंल ते!”

“मला दिसंना झालंय, आन् तुमाला कापडाची पडलीय?” कापडाच्या आतून आवाज आला.

मग त्यानं ते हळूच, कडेकडेनं सोडवलं. आत एक सावळा, उन्हानं रापलेला चेहरा होता. डोळे मात्र... असू दे. डोळ्यांचं पुढं येईलच.

त्यानं वर बघितलं. मग दोरीकडं बघितलं. सगळी अस्तरं एकाच दिशेला ताठ उभी होती. “तुमच्या गच्चीवर असा वारा रोज असतो?”

“म्हंजे?”

“रोज. ह्याच बाजूनं.”

“कावून? वाऱ्याला स्थळ बघायला आलाव का?”

“तसंच समजा,” तो म्हणाला, आणि हसला. स्वप्नालीला उगीचच वाटलं की आपली वेणी सुटलेली आहे. सुटलेली होतीच.

एवढ्यात वनमालाबाई दारात आल्या. स्वप्नालीची आई दारात आली की गल्लीतलं कुत्रंसुद्धा भुंकायच्या आधी विचार करायचं.

“कोण हाय रं तू? गच्चीकडं काय बघायलास?”

पोराचं नाव अंगद. गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याचा. पुण्याला शिकला, आता तिथल्याच एका सरांच्या हाताखाली हवेवर काम करत होता. पुणेरी बोलायला शिकला होता, पण घाबरला की गोदाकाठ बाहेर यायचा. त्याला एक मशीन बसवायची होती, आणि तिला पश्चिमेचा कोरा वारा लागत होता. डोंगरावर पवनचक्क्यांच्या गाड्यांची धूळ, गावात चुलींचा धूर. सकाळपासून गच्च्या बघत फिरत होता.

“काय करती मशीन?”

“हवा ओढती, काकू. हवेत जे काही असतं ते आतल्या कागदावर बसतं.”

“हवा ओढती? मग आमाला उरंल का न्हाई?”

“उरंल,” अंगद एवढ्या गंभीरपणे म्हणाला की वनमालाबाईंना पदर तोंडाला लावावा लागला. अर्जुनरावांनी मान हलवली. त्या घरात मान हलवायचं काम त्यांच्याकडं होतं, आणि ते मनापासून करायचे.

मशीन बसली. एक खांब, वर छत्रीसारखं टोपण, खाली डबा, बाजूला सोलरची पाटी. अंगदनं सगळ्यांना बजावलं – गच्चीवर चूल नको, विडी नको, उदबत्तीसुद्धा नको. आतला पांढरा गोल कागद रोज सकाळी चिमट्यानं बदलायचा, बोट लावायचं नाही. हे काम स्वप्नालीनं घेतलं. कुणी दिलं नव्हतं; घेतलं. अंगदनं बीडला खोली घेतली होती; दर सोमवारी तिथून यायचा आणि आठवड्याचे कागद घेऊन जायचा.

तिची शिवणाची खोली गच्चीलाच लागून. दिवसभर आत तिची मशीन खडखडायची, बाहेर त्याची घूं घूं करायची. दोन मशिनींचं चांगलं जमलं होतं. माणसांना मात्र वेळ लागतो.

“हात थरथरतेत तुमचे,” एका सोमवारी तो म्हणाला. ती चिमट्यानं कागद उचलत होती.

“सुईत दोरा एका दमात ववते मी. माझे हात थरथरत न्हाईत.”

“मग?”

“तुमी टक लावून बघितल्यावर चिमटाच थरथरतो. त्याला लाज हाय.”

अंगदनं मान फिरवली आणि डोंगराकडं बघत राहिला. कान मात्र लाल झाले होते. सावळ्या माणसाचे कान लाल झालेले कळत नाहीत म्हणतात, पण बघणारी बघत असली की कळतात.

तिनं कागद उजेडाकडं धरला. पांढऱ्यावर पुसटसा करडा डाग, जणू कुणी श्वास टाकून गेलंय. “ह्यात काय शोधताव तुमी? धूळच की ही.”

“समुद्र.”

“आँ?”

“खरंच.” तो कठड्यावर बसला. “भर समुद्रात वारा सुटला ना, की लाटा फुटतात. फेस होतो. फेस म्हणजे नुसते बुडबुडे. एकेक बुडबुडा फुटताना त्यातनं बारीक शिंतोडे उडतात. डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक. त्यातलं पाणी वाळून जातं, आणि उरतो मिठाचा कण. तो इतका हलका, की खाली यायचंच विसरतो...”

“मंग?”

“मग वारा त्याला घेऊन निघतो. कोकण ओलांडतो, घाट चढतो, नगरच्या माळावरनं इकडं येतो. वर गारव्यात वाफ फिरत असती. तिला थेंब व्हायचं असतं, पण एकटीला होता येत न्हाई. टेकायला काहीतरी लागतं. धूळ चालती, धूर चालतो... पण मिठाचा कण गावला, की ती...”

“की ती?”

“बिलगती,” अंगद म्हणाला. म्हणून गेला, आणि मग चिमटा पुसायला लागला. स्वच्छ चिमटा.

वारा आला. दोरीवरची अस्तरं एकदम उठली आणि एकदम बसली. स्वप्नालीनं समुद्र कधी बघितला नव्हता. पण त्या घडीला तिला वाटलं, आपल्या ओठांवर काहीतरी खारट आहे.

“मग आमचे ढग कोरडेच कावून जातेत?” तिनं विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

“बरंचसं पाणी घाटावरच पडून जातं. इथवर येतं ते उरलंसुरलं. समुद्राचं मीठ इथवर किती पोचतं, पोचतं का नाही, तेच बघायचंय.”

“आन् न्हाई पोचलं तर?”

“तर मशीन उचलायची. दुसरं गाव.”

एवढं बोलून तो कागद गोळा करून गेला. स्वप्नालीनं त्या दिवशी एकाच शिवणीवर तीनदा मशीन चालवली. घट्ट बसावी म्हणून.

मग गल्लीतली रतनबाई आली. ब्लाऊजचं माप द्यायला आली, पण बघत बसली गच्चीकडं. अंगद त्या दिवशी सोमवार नसताना आला होता आणि शिडीवर चढून टोपण पुसत होता. “काय गं बाई पोरगं!” रतनबाई म्हणाली. “उंची बघ, पाठ बघ. कुणाच्या नशिबाचं हाय की!” नुसतं म्हणाली नाही, डोळे भरून म्हणाली. आणि तिची पाठ वळते न वळते तोच शिडी सरकली. अंगद खाली. घोटा सुजून टम्म. अर्जुनरावांनी त्याला बीडला पोचवलं. त्याची टोपी तेवढी मशिनीच्या डब्यावर राहिली.

त्या घरात दृष्ट काढणं म्हणजे हात धुण्याइतकं रोजचं. वनमालाबाई म्हशीची काढायच्या, पोरीच्या शिवणमशिनीची काढायच्या, नवं धोतर नेसले तर अर्जुनरावांचीसुद्धा काढायच्या. माणूस समोर नसलं तर त्याच्या कपड्यावरून काढायची, एवढं स्वप्नालीला ठाऊक होतं. शनिवार होता. दिवस मावळताना तिनं घमेल्यात चुलीतले निखारे घेतले आणि जिना चढली. खाली काढली असती तर आईनं विचारलं असतं, कुणाची? मूठभर मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या, टोपीवरून उतरवल्या, पुटपुटली – “आल्यागेल्याची, बघितलेल्याची, न बघितलेल्याची, समदी जळून जाऊ दे...” – आणि मूठ निखाऱ्यांत टाकली. मीठ तडतडलं. मिरच्यांचा ठसका लागला नाही. म्हणजे लागलीच होती दृष्ट, आणि ती रतनबाईचीच!

सोमवारी अंगद लंगडत का होईना, पण हसत आला. मग स्वप्नालीनं दर शनिवारी काढली. एकदा गुण आला की कोण सोडतं?

आता कुणी म्हणेल, पोरीला सांगितलं होतं ना धूर नको म्हणून? सांगितलं होतं, आणि तिनं पाळलंही होतं. बापाला विडीसकट जिन्यावरून खाली पिटाळलं होतं, आईची उदबत्ती विझवली होती. पण दृष्ट म्हणजे धूर, हे तिच्या मनालासुद्धा शिवलं नाही. धूर तो धूर. दृष्ट ती दृष्ट.

भादवा निम्मा झाला. ढग यायचे, पवनचक्क्यांच्या पात्यांत अडकल्यासारखे थांबायचे, आणि सावली टाकून पुढं जायचे. अशाच एका दुपारी, सोमवार नसताना, गाडीचा आवाज आला. अंगद जिना धावत वर आला. पुण्याची भाषा तो बहुतेक बीडच्या नाक्यावरच सोडून आला होता.

“आगं स्वप्नाली! लई मोठं काम झालंय!”

त्यानं आजवर तिला नावानं हाक मारली नव्हती. अगं तर दूरच. तिचा पाय पायडलवर तसाच राहिला.

“समुद्र आलाय! पुण्याहून कागद तपासून आले. बाकीच्या दिवशी थोडं थोडं मीठ हाय. पण शनिवारी! शनिवारी आसं मीठ, की जसं काय तुमची गच्ची बंदरावरच हाय!”

“श... शनिवारी?”

“दर शनिवारी! सर म्हणले, आसं कुठंच बघितलं न्हाई. बुधवारी पुण्याला सगळ्यांपुढं मांडायचंय. त्यांनी मान्य केलं, तर मशीन आणखी काही वर्षं हितंच.” तो थांबला. आवाज खाली आला. “आन्... मी बी.”

मी बी. दोनच शब्द, पण स्वप्नालीच्या आत काहीतरी उंच उडालं, दोरीवरच्या कापडासारखं. आणि लगेच धपकन खाली आलं.

“समुद्राला शनिवार कसा कळतो?” तिनं हळूच विचारलं.

“तेच तर कोडं हाय!” तो म्हणाला. पण हे म्हणताना त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

तो गेल्यावर ती बसून राहिली. गप्प बसलं, तर तो इथंच राहतो. दर सोमवारी गाडीचा आवाज, चिमटा, कठडा, आणि त्याचे लाल कान. बोललं, तर मशीन जाते, तो जातो, आणि वर हेही सांगावं लागतं की मूठ कुणावरून उतरवली. पण गप्प बसलं, तर बुधवारी तो भरल्या सभेत उभा राहून दृष्टीचं मीठ समुद्राचं म्हणून दाखवणार. आज नाही तर उद्या कुणीतरी शहाणा हसणार. ज्याला कुणाची नजर लागू नये म्हणून एवढं केलं, त्याला सगळ्यांच्या नजरेतून आपणच उतरवायचं?

दुसऱ्या दिवशी वनमालाबाईंनी शिवलेला ब्लाऊज उचलून बघितला. “दोन्ही बाह्या डाव्याच?”

स्वप्नालीनं ब्लाऊज ओढून घेतला आणि बाही उसवायला बसली.

“माझ्या चुलीतले निखारे दर शनिवारी जिना चढतेत, ते मला दिसत न्हाई व्हय? म्हशीची न्हाई, बापाची न्हाई. मंग कुणाची ते मी इचारलं का? न्हाई इचारलं. पण बाह्या डाव्या व्हायला लागल्या म्हंजे काहीतरी घशाशी आडकलंय. ज्याला सांगायचं त्याला सांगून मोकळी हो. गिऱ्हाईकाचं कापड नासू नको.”

मंगळवारी संध्याकाळी अंगद शेवटचे कागद न्यायला आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. उद्याचीच तयारी. धीर सुटायच्या आत बोलायचं, म्हणून तिनं त्याला बसूही दिलं नाही.

“ते मीठ समुद्राचं न्हाई.”

“काय?”

“शनिवारचं. ते आमच्या चुलीम्होरल्या डब्यातलं हाय. मी... दर शनिवारी हितं दृष्ट काढते. घमेल्यात. हितं, ह्या खांबापशी.”

अंगदनं खांबाकडं बघितलं. “मशिनीची दृष्ट?”

“न्हाई... टोपीची.”

“टोपीची?”

“तुमी पडलाव तवा राहिली होती ती. नंतरही तुमी हितंच ठिवत गेलाव...”

“टोपीला दृष्ट लागती?”

“टोपीला कशाला लागंल!” ती एकदम चिडली, आणि डोळे भरून आले ते आले. “टोपी ज्याच्या डोक्यावर असती, त्याला लागती. आता समदं मलाच बोलायला लावताव का? धूर करू नको म्हणलं होतंत, मी कुणाला करू दिला न्हाई. पण हे... हे मला धुरात धरायचं सुचलंच न्हाई. मला वाटलं, तुमाला काही होऊ नये. बस.”

वारा पडला होता. मशीन तेवढी घूं घूं करत होती. अंगद कठड्यावर टेकला.

“मला शंका आलती,” तो म्हणाला.

“कसली?”

“समुद्राच्या मिठात मिठाबरोबर बाकीचंही काय काय असतं. शनिवारच्या कागदावर ते कमी होतं. आन् वारं तर शनिवार बघून सुटत न्हाई, हे मला कळत न्हाई व्हय? पण मी नीट बघितलंच न्हाई.” त्यानं हात चोळले. “मला मशीन हितंच ऱ्हायला पाहिजे होती. म्हणून मला समुद्र दिसला.”

ती त्याच्याकडं बघत राहिली. डोळ्यांचं पुढं येईल म्हटलं होतं, ते हे – त्या डोळ्यांना खोटं धरून ठेवता येत नव्हतं. गळतच होतं.

“मंग आता?”

“आता उद्या खरं सांगायचं. शनिवार काढून टाकायचे.”

“मशीन जाईल?”

“जाईल. जिथं निखारे ठेवले ती जागा बाद.”

“आन्... तुमी?”

त्यानं कागद पिशवीत घातले आणि जिना उतरला. राग म्हणून नव्हे. उद्या काय होईल ते ठाऊक नसताना शब्द द्यायचा नव्हता म्हणून. पण तिला ते कुठलं कळायला?

पुढच्या आठवड्यात जीप आली. दोन अनोळखी माणसं उतरली, खांब सोडवला, डबा बांधला, गेली. अंगद त्यांच्यात नव्हता. फोनही नव्हता. गच्चीवर खांबाची चार भोकं राहिली, आणि दुपारी शिवणमशीन थांबली की बाहेर इतकं शांत व्हायचं, की स्वप्नाली उगीचच पायडल मारत बसायची. ढग यायचे. ती त्यांच्याकडं बघायची. ह्या ढगात असेल का तो कण? इतका लांबून आलेला, कुणाला न सांगता...

त्या घरात एवढी शांतता म्हशीलासुद्धा मानवेना.

आणि मग एका सकाळी दाराशी गाडी थांबली. अंगद. हातात पिशवी नाही, पाठीला डबा नाही. दारात उभा.

“मशीन तर गेली,” वनमालाबाई सूप बाजूला ठेवत म्हणाल्या. “आज काय न्यायला आलास?”

“न्यायला न्हाई, काकू. पुण्यातून कालच सुटलो. तिथं लई बोलणी खाल्ली. पण शनिवार वगळून कागद पुन्हा तपासले, तर बाकीच्या दिवसांतलं मीठ खरंच समुद्राचं निघालं. तिकडं समुद्रावर वारं जोरात झालं, की मागनं इकडं कागदावर दिसतंय. थोडं हाय, पण खरं हाय. मशीन आता कपिलधारच्या वरच्या माळावर लावणार हाईत. तिथं ना चूल, ना माणूस.”

“म्हंजे तू बीडलाच?”

“बीडलाच.”

“बरं झालं. मग हितं काय?”

अंगदनं घाम पुसला. भरल्या सभेत उभं राहून स्वतःची चूक सांगून आलेला पोरगा, पण वनमालाबाईंपुढं शर्टाची वरची गुंडी लावत राहिला. “मागायला आलोय, काकू. घरचे रविवारी येतो म्हणलेत... तुमी या म्हणलाव तर.”

वनमालाबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. अर्जुनरावांची मान आधीच हलायला लागली होती. बाईंनी एका नजरेनं ती थांबवली.

“मी काय म्हणायचं? मला काय तुझ्यासंगं नांदायचंय? जा, वर हाय ती. आधी तिला इचार.”

तो वर गेला. स्वप्नाली पाठमोरी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. जिन्यातून काय ऐकू येत नाही? पण ती वळली नाही.

“आज काहीच आणलं न्हाई मी,” तो मागून म्हणाला. “कागद न्हाई, बातमी न्हाई.”

“मग कशाला आलाव?”

“नुसताच आलोय.”

तिची बोटं कापडावर थांबली. बाहेर पश्चिमेकडून वारं उठलं, मोकळ्या गच्चीवरून आत आलं, आणि तिच्या मानेवरचे केस हलवून गेलं.

“फोन कावून केला न्हाई?”

“फोनवर मला तुझं तोंड दिसलं नसतं. मला बघायचं होतं... तू न्हाई म्हणताना कशी दिसतीस, आन् हो म्हणताना कशी दिसतीस.”

ती वळली. कशी दिसली, ते त्यालाच ठाऊक. त्याचे कान तेवढे लाल झाले. ती काही म्हणणार, तेवढ्यात खालून वनमालाबाईंचा आवाज चढला.

“आगं ए! चहा टाकायलेय. पाव्हण्याला दुधाचा येगळा ठिवू, का घरातल्या पातेल्यातलाच देऊ?”

स्वप्नालीनं त्याच्या डोळ्यांत बघितलं, अगदी सरळ बघितलं, आणि जिन्याकडं तोंड करून जोरात म्हणाली,

“घरातल्याच पातेल्यातला, आई!”